खान्देशातल्या घरासाठी चांगला डॅक निवडताना: सुरुवात आर्थिंगच्या खड्ड्यापासून करा

दिवाळीनंतर मी दीड लाखापर्यंतचा डॅक, म्हणजे फोन-लॅपटॉपमधलं डिजिटल गाणं अॅम्प्लिफायरला कळेल असं करून देणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं आणि तो घरी यायला जून उजाडला. मधल्या आठ महिन्यांतले सहा महिने मी नको त्या गोष्टी वाचत बसलो होतो. कोणती चिप, किती बिट, किती किलोहर्ट्झ. पाचोऱ्यात डॅक ऐकवणारं दुकान नाही, शेजारीपाजारी कुणाकडे नाही, आणि जे वाचायला मिळतं ते मुंबई-बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशात बसून लिहिलेलं. त्यांच्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापमान नसतं, शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज नाचत नाही, आणि मशीन बिघडलं तर ते रिक्षात घालून दुकानात नेता येतं. आपल्याकडे निवड या तीन गोष्टींवर ठरते. म्हणून ज्या क्रमाने मी जायला हवं होतं, त्या क्रमाने सांगतो.

आधी हे जवळ ठेवा

- साधा डिजिटल मल्टिमीटर. चार-पाचशे रुपयांचा चालतो.
- तुमच्या अॅम्प्लिफायरचं माहितीपुस्तक. नसेल तर मॉडेल नंबरवरून उतरवून घ्या.
- १०० हर्ट्झच्या सुराची एक फाइल आणि तुम्हाला तोंडपाठ असलेली सात-आठ गाणी, एफएलएसी (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) किंवा थेट सीडीवरून घेतलेली.
- एक जादा आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) केबल आणि एक ऑप्टिकल केबल. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळून जातात.
- वही-पेन, आणि न कंटाळता वायरी बदलून देणारं घरातलं एक माणूस.

१. डॅक काय करतो ते एकदा समजून घ्या

गाणं फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा सीडीवर आकड्यांच्या रूपात असतं. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला खालीवर होणारं व्होल्टेज लागतं. आकड्यांचं व्होल्टेज करणारं यंत्र म्हणजे डॅक. तो तुमच्या फोनमध्ये, टीव्हीमध्ये, बऱ्याच अॅम्प्लिफायरमध्येही आधीपासून असतो. वेगळा डॅक घ्यायचा तो यासाठी की हेच काम स्वच्छ वीजपुरवठ्यावर, आकडे नेमक्या वेळी सोडणाऱ्या चांगल्या घड्याळावर आणि दमदार आउटपुटने व्हावं.

१९८२ मध्ये सीडी आली तेव्हा ठरलेलं माप आजही बहुतेक संगीताचं माप आहे: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक १६ बिटचा. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. जुनी गाणी ज्या टेपवर ध्वनिमुद्रित झाली, त्या टेपची झेप साधारण ६०-७० डेसिबलच होती. त्यामुळे जुनं मराठी भावगीत २४ बिटमध्ये घेतलं म्हणून त्यात नवीन काही येत नाही. फरक पडला तर तो चांगल्या मूळ टेपवरून काळजीपूर्वक उतरवल्यामुळे पडतो.

२. पैसे कुठे कमी पडताहेत ते शोधा

स्पीकर बदलला तर आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. खोली सुधारली तर जवळजवळ तितकाच. अॅम्प्लिफायर त्याखाली, आणि नीट बनवलेल्या दोन डॅकमधला फरक सगळ्यांत बारीक. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो, म्हणून तर पैसे घातले. पण क्रम हाच आहे. एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याहून जास्त डॅकवर घालू नका, असं माझं मत.

आपल्या घरांत खोली हा मोठा प्रश्न असतो. वर स्लॅब, खाली शहाबादी नाहीतर टाइल्स, चारी भिंती मोकळ्या. टाळी वाजवली की खणखणाट ऐकू येतो. तो खणखणाट दोन लाखांच्या डॅकनेही जात नाही. मी पिंजाऱ्याकडून घरचा कापूस भरून दोन जाड गाद्या शिवून घेतल्या, बैठकीच्या मागच्या भिंतीला उभ्या लावल्या, आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. त्या रात्री तबल्याचा बायाँ पहिल्यांदा घुमला आणि थांबला. आधी तो नुसता घुमतच राहायचा. कापसाच्या मुलखात राहून हे मला इतक्या उशिरा सुचलं याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही डॅकचे पैसे भरण्याआधी हे करून बघा.

३. घरातली लाईट आणि आर्थिंग तपासा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त रेंगाळणार आहे, कारण हीच पायरी वगळून मी एक डॅक परत केला होता.

उधारीवर ऐकायला आणलेला तो डॅक लावला आणि स्पीकरमधून बारीक घूं सुरू झाली. मला वाटलं मशीन सदोष. परत पाठवलं. दुसरं आणलं, तीच घूं. मग वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी बोर्डाच्या पिनमध्ये मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट. नीट असलेल्या घरात ते दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी आर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाले, "भाऊ, खड्डा पुरा कोरडा पडी गया. पाणीच नही त्यामा." आपली काळी जमीन पावसाळ्यात ओलावा धरते, पण एप्रिल-मेमध्ये तिला बोटभर भेगा पडतात आणि पट्टीभोवतीची माती सुटते. कोळसा-मीठ नव्याने भरलं, आठवडाभर रोज दोन बादल्या पाणी ओतलं. आकडा १४ वरून अडीचवर आला आणि बरीचशी घूं गेली.

उरलेली घूं डिशच्या वायरीची होती. छतावरच्या डिशमधून येणारी वायर सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीला, टीव्हीतून डॅकला. त्या वाटेने अर्थ दुसऱ्यांदा घरात येत होता आणि दोन अर्थांमधून प्रवाह फिरत होता. डिशची वायर काढली की शांत, लावली की घूं. टीव्ही आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल टाकली. त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. प्रश्न तिथेच मिटला.

तेव्हा एवढं करा:

- वायरमनकडून तीन आकडे वहीत लिहून घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एकदा दुपारी आणि एकदा शेतीपंपांची लाईट असते त्या वेळी. सवय नसेल तर बोर्डात स्वतः तारा घालू नका.
- अॅम्प्लिफायर, डॅक आणि लॅपटॉप एकाच भक्कम एक्स्टेन्शन बोर्डवर लावा.
- इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेलं मशीन त्यावर गुरगुरतं. शुद्ध साइन वेव्ह असेल तरच त्यावर ठेवा.
- घूं घालवण्यासाठी पिनचा अर्थचा जाड खिळा काढून टाकायचा सल्ला कुणीतरी हमखास देईल. तो कधीही ऐकू नका. मशीनमध्ये फेज बॉडीला लागला तर तो प्रवाह मग तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

उष्णतेचंही इथेच बघा. मशीनमध्ये वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तकात ४० अंशांपर्यंत चालवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या मेमध्ये ते सहज ओलांडतात. हात लावला की चटका बसेल इतकं गरम होणारं मशीन आपल्यासाठी नाही, त्याचा आवाज कितीही गोड असो.

४. गाणं कुठून येणार ते ठरवा

दुकानदार दहा इनपुट दाखवेल. तुम्हाला दोन-तीनच लागतात.

लॅपटॉप किंवा फोनवरून ऐकणार असाल तर यूएसबी. असिंक्रोनस यूएसबी आहे का ते विचारा, म्हणजे वेळेचं नियंत्रण लॅपटॉपकडे न राहता डॅकच्या स्वतःच्या घड्याळाकडे राहतं. आजचे जवळजवळ सगळे चांगले डॅक असेच असतात. टीव्हीसाठी ऑप्टिकल. तो बहुधा ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवशाने चालतो, काही डॅकमध्ये १९२ पर्यंत. सीडी प्लेयर असेल तर कोअॅक्सियल, म्हणजे तांब्याच्या तारेचा डिजिटल इनपुट, आणि त्याला ७५ ओहमचीच केबल वापरा.

ब्लूटूथ सोयीचं आहे, पाहुणे आले की उपयोगी पडतं. पण सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा असतो आणि एलडीएसी हा चांगल्यांपैकी ब्लूटूथ प्रकारसुद्धा जास्तीत जास्त ९९० देतो. त्यासाठी लाख रुपये मोजू नका.

फोनच्या बाबतीत एक सापळा आहे. बरेच अँड्रॉइड फोन बाहेर पाठवण्याआधी सगळं संगीत ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलतात. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो यासारखं स्वतःचा ड्रायव्हर असलेलं अॅप वापरलं की हे टळतं. अॅपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस (दर्जा न घटवलेलं) संगीत आणलं, १९२ किलोहर्ट्झपर्यंत, पण आयफोनवर ४८ च्या वर जायचं तर बाहेरचा डॅक लागतोच. मी स्वतः रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकून वापरतो. लॅपटॉपचा पंखाही नाही आणि मध्येच येणारा मेसेजचा टुणुक आवाजही नाही.

५. आतली पद्धत: ईएसएस, एकेएम, आर-टू-आर की एफपीजीए

याच्यावर रात्र-रात्र वाद होतात. थोडक्यात सांगतो.

बहुतेक डॅक अमेरिकेच्या ईएसएस किंवा जपानच्या एकेएम यांच्या तयार चिपवर बनतात. आरएमई, बेंचमार्क, टॉपिंग, एसएमएसएल या वाटेचे. दुसरी वाट आर-टू-आर, म्हणजे रोधकांची शिडी. डेनाफ्रिप्स, होलो ऑडिओ यांचे डॅक असे आहेत. यात रोधक फार अचूक लागतात: १६ बिटचा पहिला बिट बरोबर बसायचा तर चूक सुमारे ०.००१५ टक्क्याच्या आत हवी. तिसरी वाट एफपीजीएची, म्हणजे हवं ते काम आपण लिहून देऊ शकतो अशा कोऱ्या चिपची. इंग्लंडची कॉर्ड कंपनी तयार चिप न घेता त्यात स्वतःचं गणित लिहिते.

चिपच्या नावावर किती भाळायचं याचं उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली. चिप मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांना ईएसएसकडे वळावं लागलं. आरएमईच्या एडीआय-२ डॅक या एकाच मॉडेलमध्ये आधी एके४४९०, मग एके४४९३ आणि नंतर ईएस९०२८क्यू२एम अशा तीन चिप येऊन गेल्या. डबा तोच, नाव तेच. चिपभोवतीचा वीजपुरवठा, घड्याळ आणि आउटपुटचं सर्किट यांत कंपनीची खरी मेहनत असते. जुना माल घेताना मात्र कोणत्या आवृत्तीचा आहे ते विचारून घ्या, म्हणजे ज्याबद्दल वाचलं तोच घरी येईल.

एमक्यूए (गाण्याची फाइल लहान करून पाठवायची एका कंपनीची पद्धत) या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ती कंपनी २०२३ मध्ये आर्थिक संकटात सापडली आणि टायडल या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवेनेही २०२४ मध्ये ते सोडून एफएलएसी धरलं.

६. कागदावर चारच गोष्टी बघा

आउटपुट व्होल्टेज: आरसीएला साधारण २ व्होल्ट, एक्सएलआरला (तीन पिनांचा मोठा जोड) ४. तुमचा अॅम्प्लिफायर जर अर्ध्या व्होल्टलाच पूर्ण ताकदीने चालत असेल, तर ४ व्होल्ट दिल्यावर बटण सात-आठ वाजताच्या काट्यावरच अडकून पडतं. रात्री हळू आवाजात ऐकताना जीव जातो. आउटपुट कमी-जास्त करता येणारा डॅक अशा वेळी सोन्यासारखा.

सिनॅड (गाण्याच्या मानाने खरखर आणि विकृती किती खाली आहे तो आकडा): १०० डेसिबलच्या वर असेल तर पुढे आकड्यामागे धावू नका. आज दहा-पंधरा हजारांचे डॅकही ११० पार करतात आणि तुमच्या खोलीत पंखा फिरतोय.

वीजपुरवठा: मागे किंवा खाली ११५/२३० असं बटण आहे का, की १०० ते २४० आपोआप घेतो? माझ्या ओळखीच्या एका काकांनी जपानहून जुना डॅक आणवला, तो १०० व्होल्टचा होता. आपल्या २३० वर लावला आणि धूर निघाला.

चौथी गोष्ट आवाजाचं बटण आणि ईक्यू, म्हणजे हवे ते सूर कमी-जास्त करायची सोय. मी शेवटी आरएमई घेतला तो याच दोन कारणांनी. त्यात पाच पट्ट्यांचा पॅरामेट्रिक ईक्यू आहे, त्यामुळे माझ्या खोलीत घुमणारा एक खालचा सूर मी बरोबर तिथेच दाबू शकलो. आणि तो १२ व्होल्ट डीसीवर चालतो, म्हणजे व्होल्टेजच्या नाचण्याशी त्याचा थेट संबंध नाही. तुमचं कारण वेगळं असेल तर निवडही वेगळी होईल.

७. ऐकून निवडा, पण आवाज समान करून

मुंबईला गेलो होतो, रात्रीच्या गाडीने. दुकानात दोन डॅक ऐकवले. दुसरा ऐकताच वाटलं, हाच! गायिका दोन पावलं पुढे आली, तानपुऱ्याच्या तारा मोजता येतील असं वाटलं. पैसे काढायच्या आधी माहितीपुस्तक चाळलं. पहिल्याचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं २.५. म्हणजे दुसरा जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजत होता, आणि आपला कान मोठ्याला सुंदर समजतो. आवाज जुळवून पुन्हा ऐकले. गायिका दोन्हींत एकाच जागी बसलेली होती. राहिलेला फरक फक्त तानपुऱ्याच्या विरत जाणाऱ्या टोकात ऐकू येत होता.

असं जुळवा: १०० हर्ट्झचा सूर लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि डॅकच्या आउटपुटवर, मधल्या खुंटीला एक आणि बाहेरच्या कड्याला एक, अशा पिना लावा. पहिल्याचा आकडा लिहून घ्या. दुसऱ्याचा आवाज कमी-जास्त करत तोच आकडा आणा. २ व्होल्टला ०.०२ इतकाच फरक चालेल. मग घरच्यांना वायरी बदलायला सांगा, कोणता लावलाय ते तुम्हाला सांगू नका म्हणावं. दहापैकी नऊ वेळा ओळखता आला तर फरक खरा.

वेळ रात्री दहानंतरची ठेवा. कूलर बंद. कूलरच्या घरघरीत कोणताही डॅक सारखाच वाजतो. गाणी माहितीतली घ्या: तानपुरा, पेटीचा भाता, बायाँ, एकट्या बाईचा गळा. मी आईच्या आवाजातली कानबाई या आपल्या खान्देशी देवीची गाणीही लावली. वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवरून उतरवलेली, खरखरीत. ज्या डॅकवर ती खरखर मागे राहून आईचा श्वास कळला, तो मी दोन आठवडे ठेवला.

८. कुठून घ्यायचा, कोणते कागद

पहिला प्रश्न: बिघडला तर कुठे पाठवायचा? भारतात अधिकृत विक्रेता असलेला डॅक थोडा महाग पडला तरी घ्या. परदेशातून मागवायचा असेल तर कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरून एकूण रक्कम कुरिअर कंपनीकडून आधी लेखी मागा, आणि दुरुस्तीसाठी परत पाठवायचा जाण्या-येण्याचा खर्चही त्यात धरा.

कागद हे ठेवा:

- सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल
- शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड
- परदेशी मालासाठी विक्रेत्याचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि केवायसीसाठी आधार किंवा पॅन
- किती दिवसांत परत घेणार याचा लेखी मेसेज. तोंडी शब्दावर राहू नका.

खोकं आणि आतला थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा.

९. घरी आल्यावर

पिन लावण्याआधी व्होल्टेजचं बटण बघा. मग सेटिंगमध्ये जा. काही डॅकमध्ये आउटपुट 'स्थिर' आणि 'बदलता' असं असतं. थेट पॉवर अॅम्प्लिफायरला जोडणार असाल आणि ते 'स्थिर' राहिलं, तर पहिल्याच क्षणी पूर्ण आवाज सुटेल आणि स्पीकरचा ट्विटर (उंच सुरांचा छोटा भाग) जाईल. आवाज अगदी खाली ठेवूनच पहिलं गाणं लावा.

विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकून एक्सक्लुझिव्ह मोड निवडा. मग ४४.१ चं गाणं लावल्यावर डॅकच्या पडद्यावर ४४.१ च दिसायला हवं. ४८ दिसलं तर मध्ये कुणीतरी बदल करतंय.

चालू मशीनवर कापड टाकू नका, धूळ पुसायला मऊ ब्रश ठेवा. मागच्या फटींना बारीक जाळी लावा, गरम मशीनमध्ये पाली शिरतात. आणि जूनमध्ये वळवाचे ढग अजिंठ्याच्या डोंगराकडून वर आले की डॅकची पिन काढून ठेवा. सोबत डिशची आणि इंटरनेटची वायरही काढा, वीज त्या वाटेनेही आत येते.